मनासेने वायर वाढवली

मनासेला आमच्या बेटावरच्या गावात कुणी वाईट म्हणणार नाही. खाडीकाठच्या त्याच्या मळ्यात कोनफळं मांडीएवढी होतात. त्यातली सगळ्यात चांगली आधी पाद्रीबुवांच्या घरी जातात, मग बहिणीच्या घरी, आणि उरलीसुरली त्याच्या स्वतःच्या पानात पडतात. चर्चमध्ये तो मागच्या बाकावर बसतो आणि दणक्यात गातो. मुळं कुटून केलेला कावा पीत रात्री पुरुष बसतात त्या बैठकीत कुणी कुण्या बाईवरून चावट विनोद केला, तर तिचा भाऊ जवळपास नाही ना हे आधी पाहून घेतो आणि मग हसतो. तोवर बाकीच्यांचं हसून संपलेलं असतं. असा हा नाकासमोर चालणारा माणूस. पण नाकासमोर चालणाऱ्याला बाजूचं दिसत नाही, हेही तितकंच खरं.

भाऊ-बहिणीचं आमच्याकडे असं आहे की बहिणीचा मान मोठा, मग ती वयाने धाकटी का असेना. मनासेची बहीण लेसिएली त्याच्याहून लहान, तरी तो तिला कळायला लागल्यापासून अहो-जाहो करतो, आणि तीही त्याला. मुलगा जरा मोठा झाला की त्याची चटई घरातून उचलून पोरांच्या झोपडीत जाते. मनासेचीही गेली. एका संध्याकाळी तो हे विसरला आणि रेडिओ ऐकत बसलेल्या लेसिएलीशेजारी येऊन पसरला. आई, म्हणजे फूसी, तेव्हा तरणीताठी होती. तिने अशी थोबाडीत दिली की रेडिओवरचं गाणं त्याला एकाच कानाने ऐकू यायला लागलं. "बहीण बसलीय दिसत नाही? डोळे कुठे गहाण टाकलेस?" एवढंच ती म्हणाली. दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

पुढे घरोघरी टीव्ही आले तेव्हा हे पथ्य आणखी कडक झालं. पडद्यावर कोण कुणाच्या गळ्यात पडेल याचा काय नेम? भावा-बहिणीने ते एकत्र पाहायचं म्हणजे जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, अशी गत. म्हणून मनासे आईकडे टीव्हीपुढे बसलेला असला आणि रस्त्याकडच्या दाराशी लेसिएलीची चाहूल लागली, की तो स्वयंपाकघराकडच्या दाराने बाहेर पडे. ती बसलेली असली आणि हा मागून आला, की ती पुढच्या दाराने जाई. आत येणाऱ्यासाठी आत असलेल्याने उठायचं, इतकं साधं. दोघांच्या पायांना ते इतकं सवयीचं झालं होतं की डोक्याला त्रास द्यावा लागत नसे. मनासेने आयुष्यात कितीतरी सिनेमे अर्धेच पाहिले. रग्बीचा सामना कोण जिंकलं ते त्याला दुसऱ्या दिवशी चुलतभाऊ फेलेतीच्या दुकानात कळे.

लेसिएलीचा नवरा गेल्यापासून ती आईजवळच राहायला आली होती. मनासे आणि त्याची बायको ओलिवे त्याच अंगणाच्या पलीकडच्या कडेला. लेसिएलीचा मुलगा तालियाई ऑकलंडला बांधकामावर होता, आणि त्याचं तिथेच लग्न ठरलं. मामा म्हणजे भाच्याने हक्काने ओरबाडायचं झाड. मनासेने दोन डुकरं विकली, चटया पाठवल्या, झाडाची साल कुटून केलेलं कापड डोक्याएवढी गाठोडी बांधून पाठवलं. पण स्वतःला जायला परवाना मिळाला नाही. आणि त्याच महिन्यात साखरेच्या आजाराने आईच्या पायाची बोटं काढावी लागली, म्हणून लेसिएलीही गेली नाही. पोटच्या पोराच्या लग्नाला आई नाही, आजी नाही, मामा नाही. तिघांनीही त्या दिवशी उपासतापास केल्यासारखं तोंड करून चर्चमध्ये दिवस काढला.

तालियाईने लग्नाची डीव्हीडी पाठवली. ती खोक्यात खारवलेल्या मटणाच्या बादलीखाली सापडली, दोन तुकडे होऊन. मग पुढच्या खोक्यात त्याने आपला जुना व्हिडिओ गेमच पाठवून दिला, तळहातावर मावणारा, काळा, कडेला बटणं असलेला. त्याच्या पोटात लग्नाचा सिनेमा भरलेला. सोबत एक वायर. एका टोकाला चपटी पिन, दुसऱ्या टोकाला तीन गोल पिना, पिवळी, लाल आणि पांढरी. "आजीला एवढ्याशा पडद्यावर दिसणार नाही, टीव्हीला जोडा," असं तो फोनवर म्हणाला.

एवढ्याशा पडद्यावर आजीला दिसेना हे खरंच होतं. साखरेने तिचे डोळेही खाल्ले होते. गेम नाकाला चिकटवला तरी ती "हं, हं," करायची आणि खाली ठेवायची. मग तिने एक मागणी केली. मुलं कधी एकत्र समोर येत नाहीत, म्हणून तिने ती दोनदा केली, सकाळी लेसिएलीजवळ आणि दुपारी, लेसिएली बायकांबरोबर सालीचं कापड कुटायला गेल्यावर, मनासेजवळ.

"लग्न टीव्हीवर लाव," ती म्हणाली. "इकडे तू बस, तिकडे ती. मधे मी. एकदाच."

मनासेच्या हातातलं नारळाचं पाणी सांडलं. "आई, काहीतरीच काय? तूच तर लहानपणी..."

"मीच शिकवलं ना? मग मीच सांगतेय."

"लोक काय म्हणतील?"

"लोक काय माझ्या चटईवर बसायला येणार आहेत? आले तर सांग, जागा नाही म्हणावं."

"बघतो," मनासे म्हणाला. आमच्याकडे 'बघतो' म्हणजे नाही. आईला ते कळत होतं, पण ती पुढे बोलली नाही. तिचं दिवसेंदिवस बोलणं कमी होत चाललं होतं. दुसऱ्या पायाचीही बोटं काळी पडायला लागली होती, आणि या खेपेला ती इस्पितळात जायला नाही म्हणाली होती. तिच्याजवळ फार दिवस नाहीत, हे त्या अंगणातली डुकरंसुद्धा सांगू शकली असती.

मनासेला रात्र रात्र झोप लागेना. आईचा शब्द मोडायचा की आईनेच घालून दिलेली रीत मोडायची? त्याला रडू यायचं आणि रागही यायचा, आणि राग कुणावर काढावा ते समजायचं नाही. ओलिवे एकदा म्हणाली, "अहो, त्यांनी वायर मागितली नाही, तुम्हाला मागितलंय."

"तुला काय कळतं त्यातलं," तो म्हणाला. "सिनेमा दिसला की झालं. मग कोण कुठे बसलंय ते लक्षातही राहणार नाही तिचं." आणि त्याने सगळा जीव त्या वायरीत घातला. न सुटणारं कोडं बाजूला ठेवून सुटण्यासारखं हातात घेण्यात माणसाला भारी हुशारी वाटते.

फेलेती मदतीला आला, म्हणजे टोमणे मारायला. आईकडचा टीव्ही जुना, पाठीला पोक असलेला. मागे भोकं दोनच, पिवळं आणि पांढरं.

"लाल उरली!" फेलेती ओरडला. "वायर उरली म्हणजे तू चुकलास. घर बांधून झाल्यावर खांब उरला, असं कधी ऐकलंयस?"

"लाल म्हणजे दुसऱ्या कानाचा आवाज. या टीव्हीला एकच कान आहे."

"म्हणजे तुझ्यासारखाच."

पिवळी पिवळ्यात, पांढरी पांढऱ्यात घालून झाली. चपटी पिन गेमच्या बुडाला लावली. टीव्ही निळाच. फेलेतीने टीव्हीच्या पाठीत गुद्दा घातला. निळाच. मग मनासेने चपटी पिन काढून पुन्हा दाबली, तेव्हा 'टक्' आवाज झाला आणि त्याला कळलं की आधी ती नीट बसलीच नव्हती. तरीही निळा. शेवटी तालियाईला फोन केला. तो म्हणाला, "मामा, पडद्याखालचं छोटं बटण दाबून धरा. सोडू नका."

मनासेने दाबून धरलं आणि गेमचा पडदा काळा ठिक्कर पडला. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "मारला," तो म्हणाला. "पोराचा सिनेमा मी मारला."

"वर बघ की शहाण्या," फेलेती म्हणाला.

वर टीव्हीवर चित्र आलं होतं. चारी बाजूंनी काळी पट्टी, पण चित्र. चित्र वर गेलं की हातातला पडदा विझतो, अशीच त्याची रचना होती. दोन्हीकडे एकदम दिसायचं नाही. खिडकीशी जमलेल्या पोरांनी "आता गेम लावा, गेम!" म्हणून गलका केला, पण या वायरीवर गेम दिसेना, नुसता सिनेमाच दिसे. पोरं शिव्या देत पांगली. फेलेतीही दुकान उघडायला गेला.

मनासे मात्र हातातल्या त्या विझलेल्या पडद्याकडे पाहत बसला. त्याच्या मनात काहीतरी शिजत होतं. हातात गेम आहे, बटणं चालतायत, सिनेमा थांबतो, पुढे जातो, पण धरणाऱ्याला काहीच दिसत नाही. मग धरणाऱ्याने आत बसायचं कशाला?

त्याने फेलेतीच्या दुकानातून लांबच लांब तीनरंगी वायर आणली आणि पिनेला पिन जोडायच्या छोट्या नळ्या आणल्या. टीव्हीपासून भिंतीच्या कडेने, काचेच्या पट्ट्यांच्या खिडकीतून बाहेर, स्वयंपाकघराकडच्या पडवीत. सांध्यांवर त्याने चिकटपट्टी गुंडाळली. तिथे आपली चटई टाकली. बसून पाहिलं. आतून आईने कुशीवर वळताना केलेला आवाजही ऐकू येत होता. त्याला इतका आनंद झाला की तो ओलिवेला हाक मारून घेऊन आला.

"आईपासून चार हातांवर मी," तो म्हणाला. "मधे नुसती पातळ भिंत. तिकडे त्या, इकडे मी, मधे आई. झालं की नाही तिच्या म्हणण्यासारखं? आणि मान पण राहिला."

ओलिवेने वायरीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि कोनफळाची सालं गोळा करून निघून गेली. लेसिएलीला निरोप गेला, तेव्हा ती फक्त "बरं," म्हणाली. तिचा चेहरा उजळल्यासारखा झाला, असं ओलिवे सांगते. तिच्याही पायाखालचा निखारा कुणीतरी काढून घेतला होता. भाऊ चांगला आहे, त्याने वाट काढली. भाऊ-बहीण दोघंही एकाच साच्यातली.

शनिवारी दुपारी बेत ठरला, कारण रविवारी आमच्याकडे टीव्ही सोडाच, कपडेसुद्धा कुणी वाळत घालत नाही. लेसिएलीने आईला न्हाऊ घातलं, खोबरेल लावलं, मानाच्या दिवशी आम्ही कपड्यांवरून गुंडाळतो तशी चांगली चटई कमरेला बांधली आणि भिंतीला टेकवून बसवलं. पडदे ओढले. स्वतः आईच्या डाव्या बाजूला बसली. उजवीकडे आईने हात फिरवून पाहिला. तिथे कुणी नव्हतं.

"मनासे?"

"इथेच आहे, आई," खिडकीतून आवाज आला. "लावू?"

आईने तो हात मांडीवर घेतला. "लाव," म्हणाली.

मनासेने बटण दाबलं. त्याच्या हातात काळी काच, आणि काचेत त्याचाच कपाळावर घाम आलेला चेहरा. आतून चर्चचा कोरस सुरू झाला. ऑकलंडच्या चर्चमध्येही आमचीच माणसं गात होती. चांगलं गात होती. मनासे हलक्या आवाजात सूर धरायला लागला.

"काय चाललंय?" आईने विचारलं.

"तालियाई उभा आहे," लेसिएली सांगू लागली. "काळा कोट घातलाय. बारीक झालाय गं. आता मुलगी येतेय. आई, काय सुंदर दिसतेय! तो पांढरा झगा, केवढा लांब..." तिचा आवाज भरून आला.

"थांबव," आई म्हणाली. मनासेने थांबवलं. कोरस अर्ध्या शब्दावर तुटला. "हसतोय का तो?"

"हसतोय. रडतोयपण."

"चालू कर." मनासेने चालू केलं. असं बऱ्याचदा झालं. थांबव, चालू कर, मागे घे. मनासेची बोटं आता न पाहता चालत होती. भाषणं झाली. तालियाई मामाबद्दल चांगलं बोलला, डुकरांचाही उल्लेख केला. पाहुणे हसले. हे सगळं आपण आईला दाखवतोय, असं मनासेला राहून राहून वाटत होतं.

मग नाचाचं संगीत सुरू झालं, पाहुण्यांनी शिट्ट्या मारल्या, आणि आतमध्ये लेसिएली एकदम गप्प झाली. काय दिसत असेल ते मनासेने ओळखलं. त्याचे कान तापले. मधे भिंत होती तरी तो उठून दोन पावलं लांब जाऊन उभा राहिला, वायर पुरेल तेवढा. हा माणूस कसा आहे ते यावरून समजावं.

"मनासे," आईने हाक मारली. "तुला दिसतंय का?"

"वायर माझ्याच हातात आहे, आई."

"ते नाही विचारलं मी."

संगीत चालूच होतं.

"बंद कर ते," आई म्हणाली.

"नाच संपला की केक आहे, आई. तालियाई म्हणाला होता की..."

"बंद कर म्हणते ना. मला काही दिसत नाहीये." तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "नुसता उजेड दिसतो. पहिल्यापासून नुसता उजेडच. लेसिएली सांगत होती म्हणून मी हं हं करत होते. मला माहीत होतं मला दिसणार नाही ते. सिनेमा बघायचा म्हणून तुम्हाला मी बोलावलं होतं? तुमच्या बापाच्या अंत्ययात्रेतसुद्धा एक पुढच्या दारी आणि एक मागच्या दारी. कधी एका वेळेला दोघांना हात लावला नाही मी, तुम्ही एवढे एवढे होतात तेव्हापासून. आता पडदा नाही, काही नाही, लाज वाटण्यासारखं काही उरलं नाही. काढ ती वायर आणि आत ये."

मनासेने वायर उपटली. आत संगीत बंद झालं आणि त्याच्या हातातला छोटा पडदा पुन्हा उजळला. त्यात तालियाई बायकोला घट्ट धरून नाचत होता, नखाएवढा. मनासेने न पाहता गेम बंद केला आणि चटईवर ठेवला. चूक झाली, हे त्याला आता लख्ख कळलं. आईने माणूस मागितला आणि आपण तिला वायर वाढवून दिली.

तो दाराकडे निघाला. चार हातांवरचं ते दार, पण मनासेला ते मळ्यापेक्षा लांब वाटलं. आत बसलेली लेसिएली उठून जायच्या आधी त्या दारातून तो लहानपणानंतर कधी आत गेला नव्हता. उंबऱ्याशी त्याचा पाय अडला. त्याला थोबाडीत बसलेली आठवली नाही, गावही आठवलं नाही. फक्त पाय उचलेना. मग त्याने डोळे मिटले, मनात देवाचं नाव घेतलं, आणि पाय आत टाकला.

डोळे उघडले तेव्हा आई भिंतीला टेकून बसली होती. समोर टीव्ही निळा. आणि रस्त्याकडचं दार नुकतंच हलत होतं.

मागच्या दाराशी भावाचं पाऊल वाजलं आणि लेसिएलीचे पाय आपोआप उठले होते. तिनेही आईचं सगळं ऐकलं होतं, ती रडतही होती. पण भाऊ आत येतोय म्हटल्यावर आपण बाहेर जायचं, यात डोकं चालवायची तिला सवयच नव्हती. रस्त्यावर पोहोचल्यावर तिला उमगलं. आता मागे फिरावं तर आत भाऊ बसलेला.

मनासे आईच्या उजवीकडे बसला. आईने हात टाकला, त्याचा गुडघा सापडला, मग खांदा, मग चेहरा. तिने त्याच्या कानाला धरलं आणि हसली. कितीतरी दिवसांत ती हसली नव्हती.

"आलास," ती म्हणाली. आणि दुसरा हात डावीकडे टाकला.

तो हात चटईवर फिरला. थोडा पुढे गेला, मागे आला. चटई अजून गरम होती.

"लेसिएली?"

मनासेच्या घशाशी हाक आली. नुसतं "आत या" एवढंच म्हणायचं होतं. दोन शब्द. मी बसलेलो असताना आत या, असं त्याने बहिणीला जन्मात म्हटलं नव्हतं, आणि ते तोंडातून कसं काढतात ते त्याला ठाऊक नव्हतं. "त्या पाणी आणायला गेल्यात," तो म्हणाला.

"मग थांबू आपण," आई म्हणाली, आणि तो हात तसाच चटईवर उताणा ठेवून बसली.

रस्त्यावरून परतून लेसिएली बाहेर खिडकीखाली उभी होती. तीही थांबली होती, भाऊ केव्हा बाहेर जातो म्हणून.